अंबरनाथच्या प्रसादावरचा शेरा

अदा, तुमचं बारावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी मी रेखाला घेऊन त्या नोंदणीच्या ऑफिसात गेले. तुमची परवान्याची वही परत करायची होती. परदेशी माणूस मेला तर तेही कळवावं लागतं म्हणे. नऊ वर्षं उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये काढलीत, बराकीसमोरच्या नळावर भांडलात, जीन्स पँटींना काज पाडून पाडून बोटं वाकडी करून घेतलीत, आणि शेवटी गेलात ते परदेशी म्हणूनच.

टेबलावर तोच होता, चष्मेवाला. त्यानं वही घेतली, रजिस्टरात तुमचं नाव शोधलं आणि लाल पेनानं आडवी रेघ मारली. मग म्हणाला, "मुख्य अर्जदार मयत. फाईल बंद."

मी म्हटलं, "आणि ही मुलगी? हिचं नाव त्याच फाईलमध्ये आहे."

त्यानं चष्म्यावरून रेखाकडे पाहिलं. "हिनं नवा अर्ज करायचा. पहिल्यापासून. आणि परवाना मार्चपर्यंतच आहे, तेवढं लक्षात ठेवा. नंतर इथं राहता येणार नाही."

"अहो, पण नऊ वर्षं झाली ना हिला इथं!"

"ती वर्षं वडलांच्या अर्जाची होती, बाई."

ऐकलंत ना अदा? तुमच्याबरोबर तुमची वर्षंही जाळून आलो आम्ही. पोर सात वर्षांची आली होती, सोळाची झाली, मराठीत स्वप्नं पडतात तिला, आणि हा माणूस म्हणतो पहिल्यापासून. रेखा तुमच्यासारखीच मान खाली घालून उभी राहिली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हा आधीच सांगून टाकते. लोक गेलेल्या माणसाला शांती मागतात. मी मागणार नाही. शांत तर तुम्ही जिवंतपणीच फार होतात, त्यानंच घात झाला. मला सूड घ्यायचाय. तुम्ही भले होतात, मी नाही.

पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आलात तो दिवस आठवतोय. तहसील कचेरीबाहेर निळ्या ताडपत्रीखाली आम्ही चार अर्ज लिहिणारे बसायचो, तीन पुरुष आणि मी. तुम्ही तिन्ही टेबलं सोडून माझ्याकडे आलात. परकराची नाडी तोंडात धरलेली ही एवढीशी रेखा बोटाला होती. म्हणालात, "अदी, अर्जी लिखनी है. हिंदुस्तान में रहने की." अदी म्हणजे काय, विचारलं तर म्हणालात, बहीण. मग भावाला काय म्हणता? अदा. बस, त्या दिवसापासून तुम्ही माझे अदा. बायको तिकडं सिंधमध्येच वारली होती तुमची. घराला कुलूप लावून, शाळामास्तरची नोकरी सोडून, पोरीला घेऊन सरळ चुलत्याच्या बराकीत आला होतात.

मी अर्ज टाइप केला, तुम्ही वाचलात आणि खिशातून पेन्सिल काढलीत. माझ्या अर्जाला पेन्सिल लावणारा तुम्ही पहिलाच! मास्तर ना. शेवटी मी 'आपला' लिहून सही करायला जागा सोडली होती, तिथं बोट ठेवून म्हणालात, "यहाँ नम्र लिखो."

"कशाला? हक्काचं मागताय, भीक नाही मागत."

"लिखो ना, अदी. अफसर को अच्छा लगता है."

तिथून जे भांडण सुरू झालं ते नऊ वर्षं चाललं. मी लिहायचे, 'चार वर्षे होऊनही निर्णय झालेला नाही.' तुम्ही खोडून करायचात, 'आपल्या कामाच्या व्यापामुळे निर्णय राहून गेला असावा.' मराठी शिकलात ती असली मराठी शिकलात! आमच्या घरात ज्यानं देशाची घटना लिहिली त्याचा फोटो भिंतीवर. माझ्या बापानं गिरणीत मुकादमाला कधी दोन हात जोडले नाहीत. मी तुमच्यावर खेकसायचे, "अदा, मान ताठ ठेवा जरा, वाकून वाकून कुबड येईल." तुम्ही हसायचात आणि पिशवीतून शेवेची मिठाई काढून टेबलावर ठेवायचात. तोंड बंद करायची तुमची रीतच होती ती.

आणि ती मिठाई कधी यायची? टीव्हीवर बातमी आली की. दोन्ही देशांचे मोठे अधिकारी दिल्लीत नाहीतर तिकडं इस्लामाबादेत बसले, की दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या टेबलाशी हजर. "अदी, बैठक झाली. व्हिसाचं पण बोलले." मी विचारायचे, काय बोलले? "पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं." आणि तेवढ्यावर मिठाई! मला त्या बैठकीचा फोटो पेपरात दिसायचा. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, छोटे छोटे झेंडे, हात मिळवून हसणारी माणसं. त्या फोटोत तुम्ही कुठं होतात? इकडचे म्हणायचे, ही माणसं तुमच्या पासपोर्टावर आलीत, तुमची जबाबदारी. तिकडचे म्हणायचे, ती स्वतःहून निघून गेलीत, आता तुमची. लग्नात कुणी जेवायला वाढायचं यावरून व्याही-व्याही भांडतात आणि पंगत उपाशी बसते, तसं.

तरी तुम्ही त्यांचीच बाजू घ्यायचात. "एकदा जमलं होतं ना दोघांना," म्हणायचात. फाळणीनंतर दोन्ही सरकारं बसली, कुणाचं काय मागं राहिलं त्याची यादी केली, बदल्यात इथं घरं दिली. तुमच्या चुलत्याला ही बराकीतली खोली तशीच मिळालेली. माझ्या आजोबांनी त्याच कॅम्पाची गटारं खणली होती, म्हणून मलाही ती गोष्ट ठाऊक. पण अदा, तेव्हा लाखांनी माणसं आली होती, दारात उभी होती, त्यांना नाही कसं म्हणणार? तुम्ही दोघंच. एक मास्तर आणि एक पोर. दोघांसाठी कोण बसतंय टेबलाला?

तो पासपोर्टाचा फेरा तर मी मेले तरी विसरणार नाही. इकडचे म्हणाले, आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणा. तो दाखला तिकडच्या वकिलातीत, दिल्लीला. वकिलात म्हणाली, पासपोर्टाची मुदत संपलीय, आधी तो नवा करा, स्वतः या. दिल्लीला जायचं तर इकडची परवानगी हवी, कारण तुमच्या वहीत शिक्का होता, फक्त उल्हासनगर. आणि परवानगी कुणाला मिळते? ज्याचा पासपोर्ट चालू आहे त्याला. मी हा सगळा फेरा कागदावर काढून तुम्हाला दाखवला, गोल गोल बाण काढून. तुम्ही बराच वेळ तो कागद बघत बसलात आणि म्हणालात, "गणित बरोबर आहे, अदी. उत्तर नाही फक्त." मला हसू आलं आणि मग इतका राग आला की तो कागद मी फाडला.

पण गाडी हळूहळू पुढं सरकली होती, ते मान्य केलं पाहिजे. चौथ्या वर्षी कुणीतरी लक्ष घातलं, दिल्लीला न जाता पत्रावर दाखला मिळेल असं ठरलं, फाईल वर गेली. चष्मेवाला स्वतः म्हणाला, "दोन-तीन महिन्यांत होईल." तुम्ही रेखाला नव्या वह्या, नवं दप्तर घेतलंत, जणू काही दुसऱ्या दिवसापासून ती वेगळ्या शाळेत जाणार होती.

आणि मग महाशिवरात्र आली.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आदल्या दिवशी तुम्ही टेबलाशी आलात. म्हणालात, "अंबरनाथला शिवमंदिर आहे ना, फार जुनं? चुलतभाऊ जातोय सगळ्यांना घेऊन. मी जाऊ का?" माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचा अर्ज होता, घाई होती. मी मान वर न करता म्हटलं, "जा हो, अदा. अंबरनाथ काय परदेश आहे? एक स्टेशन तर आहे."

मला माहीत होतं. तुमच्या वहीतला तो शिक्का मीच तुम्हाला वाचून दाखवला होता, त्याचा अर्थ मीच समजावला होता. उल्हासनगरची हद्द संपली की तुम्ही बेकायदा. एवढं माहीत असून मी म्हटलं, जा. देवळात जाणाऱ्या माणसाला कोण अडवणार, असं वाटलं. आणि खरंच कुणी अडवलं नाही. तुम्ही गेलात, रांगेत उभे राहिलात, दर्शन घेतलंत, परत आलात. कुणाला कळलंही नसतं.

पण तुम्ही काय केलंत? दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन त्या ऑफिसात गेलात! खोबरं, साखरफुटाणे, बेलाचं पान, सगळं नीट कागदात बांधून. चष्मेवाल्याच्या टेबलावर ठेवलंत आणि हात जोडून म्हणालात, "साहेब, अंबरनाथचा प्रसाद. तुमच्या नावानं पण अभिषेक केला." ज्यानं तुमचं काम करायचं त्याच्यासाठी देवाकडं मागून आलात. असला गुन्हा कबूल करायला दुनियेत दुसरं कोण गेलं असतं?

त्यानं प्रसाद खाल्ला. हे तुम्हीच मला खूश होऊन सांगितलंत. "खोबरं आवडलं साहेबांना, दोनदा घेतलं." खाल्ला, बोटं पुसली, आणि तुमची पाठ वळल्यावर फाईलवर शेरा मारला: विनापरवाना स्थानत्याग, अर्जदाराने स्वतः कबुली दिली आहे. महिन्याभरात कारणे दाखवा नोटीस आली आणि फाईल वरून खाली आली. खाली आली ती आलीच.

जळ्ळं मेलं ते खोबरं! आमच्यात शाप-तळतळाट मानत नाहीत, देव-प्रसाद तर मुळीच नाही. पण त्या दिवसापासून मला वाटतं, त्याच्या घशात अडकायला हवं होतं ते. हा माणूस बदलापूरला राहतो, माहीत आहे ना तुम्हाला? नवा फ्लॅट घेतलाय, तिसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी निघतो, अंबरनाथ ओलांडतो, उल्हासनगरला येतो, संध्याकाळी तसाच परत जातो. ना वही, ना शिक्का, ना शेरा. आणि तुम्ही चार वर्षांत एक दिवस एक स्टेशन गेलात तर तुमची उरलेली पाच वर्षं खाल्ली त्यानं.

नोटिशीचं उत्तर आपण दोघांनी मिळून लिहिलं. मी टाइप करत होते. 'अनवधानाने' हा शब्द तुम्हीच सुचवलात. मी वाट बघत होते, आता तुम्ही म्हणाल, अदी, तूच तर जा म्हणाली होतीस. नाही म्हणालात. उत्तरात तर नाहीच, पण माझ्याशी एकटं बोलतानाही नाही, त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. तुम्हाला आठवत नव्हतं असं होणार नाही. तुम्ही मास्तर, आदल्या वर्षीच्या अर्जाची तारीख तोंडपाठ असलेला माणूस. माझं नाव तुम्ही मुद्दाम यातून बाहेर ठेवलंत, आणि मी ते ठेवू दिलं. माफी मागायला पाच वर्षं होती माझ्याकडं. रोज तुम्ही समोरून जायचात, 'काय अदी, जेवलीस का' विचारायचात, आणि मी म्हणायचे, जेवले.

म्हणून म्हणते, हा सूड निम्मा माझ्यावरच आहे. पण निम्मा त्याच्यावर आहे, आणि तो आधी घेणार.

आपलं शेवटचं मोठं भांडण आठवतं? माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, त्याला आता तीन वर्षं झाली. ताडपत्रीखाली आम्ही सगळे तो पाठ करून बसलो होतो. मी लगेच तुमच्यासाठी अर्ज तयार केला: फाईल कुठं आहे, कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, कुणी कधी काय शेरा मारला. तुम्हाला दाखवला तर पहिली ओळ वाचूनच थांबलात. 'मी भारताचा नागरिक आहे.' हे लिहिल्याशिवाय तो अर्ज घेत नाहीत. नागरिक का केलं नाही हे विचारायला आधी नागरिक असावं लागतं! मी म्हटलं, मग माझ्या नावानं टाकते. मी आहे की नागरिक, जन्मापासून, काही न करता. आणि तिथंच खाली तुमचं नाव खोडून माझं लिहिलं.

तुम्ही एकदम घाबरलात. "नको, अदी. साहेब नाराज होतील. फाईल अजून त्यांच्या हातात आहे." मी चिडून म्हटलं, "हातात आहे म्हणूनच तर!" तुम्ही अर्ज माझ्या हातातून घेतलात, घडी घातलीत आणि खिशात ठेवलात. मला वाटलं बाहेर जाऊन फाडलात. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही मिठाई घेऊन आलात, बैठक नसताना.

परवा त्या ऑफिसातून आल्यावर रेखानं तुमची पत्र्याची पेटी उघडली. वर तुमचा शाळेतला रूळ, खाली अर्जांच्या प्रती, तारखेप्रमाणे लावलेल्या. आणि सगळ्यात खाली तो अर्ज. घडीवर चिरत आलेला, पण शाबूत. अदा, तुम्ही तो तपासून ठेवला होतात! पेन्सिलीनं दोन जागी स्वल्पविराम, एक तारीख दुरुस्त, आणि शेवटी माझ्या नावाच्या वर, बारीक अक्षरात, 'नम्र.' म्हणजे कधीतरी मनात आलं होतं तुमच्या. कधीतरी ठरवत आला होतात की टाकू दे अदीला. मी पेटीशेजारी बसून इतकी रडले की रेखानंच मला पाणी आणून दिलं.

मग डोळे पुसले आणि विठ्ठलवाडीला घरी न जाता सरळ टेबलावर गेले. नवा अर्ज टाइप केला. तुमचे स्वल्पविराम घेतले, तुमची तारीख घेतली. एक अर्ज माहितीचा, माझ्या नावानं. दुसरा रेखाचा: फाईल त्याच नंबरावर पुढं चालवावी, नऊ वर्षं धरावीत, तोवर परवाना वाढवावा. रेखा शेजारी बसून वाचत होती. शेवटच्या ओळीशी येऊन म्हणाली, "काकी, नम्र राहिलं."

मी म्हटलं, "राहू दे."

माफ करा, अदा. बाकी सगळं तुमचं ऐकलं. ह्या एका जागी नाही ऐकलं.

आज सकाळी आम्ही दोघी गेलो. जाण्याआधी मी एक काम केलं, ऐकून तुम्ही कपाळावर हात माराल. पहाटे उठून अंबरनाथला गेले. मी, बौद्धाची मुलगी! देवळात नाही गेले, बाहेरच्या दुकानातून खोबरं आणि साखरफुटाणे घेतले. तुम्ही बांधायचात तसे कागदात बांधले. ऑफिसात गेल्यावर आधी ती पुडी त्याच्या टेबलावर ठेवली. "अंबरनाथहून आणलंय. माझ्याकडं परवाना नाही. लिहा शेरा."

त्याला आधी कळेना. मग मी अर्ज पुढं केला. तो वाचायला लागला, आधी तोंडात पुटपुटत, मग ओळीवर बोट ठेवून. फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती. प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. शेरा कुणी, कधी, कशाच्या आधारे मारला. आणि शेवटचा प्रश्न, मी मुद्दाम वेगळ्या ओळीवर घेतला होता: सदर दिवशी अर्जदाराने आणलेला प्रसाद कोणत्या कर्मचाऱ्याने खाल्ला, व तशी नोंद फाईलमध्ये घेतली आहे काय?

त्याच्या कपाळावर घाम आला, अदा. खरंच आला. तुम्ही पाहायला हवा होता.

"मॅडम," तो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मॅडम. "हे कशाला? तुमचा त्यांच्याशी काय संबंध होता?"

"कारण सांगायला मी बांधील नाही. कायद्यात लिहिलंय. तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर अपील करीन. अपिलावर अपील करीन. मी इथंच तहसील कचेरीबाहेर बसते, मला कुठं जायचं नाहीये."

त्यानं रेखाचा अर्ज उचलला, पुन्हा वाचला. पुडीकडे बघितलं, ती हळूच बाजूला सरकवली. "मुलीचं त्याच नंबरावर चालवता येतं का ते साहेबांना विचारतो. परवान्याचंही विचारतो. येईल बहुतेक."

"विचारा."

मग तो उठला. पलीकडच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून आणली, हातानं धूळ झटकली आणि म्हणाला, "बसा ना, मॅडम. उभ्या कशाला?"

त्या टेबलासमोर तुम्ही नऊ वर्षं उभे होतात. पाय सुजायचे तुमचे, मला माहीत आहे. बाकीच्यांना खुर्ची होती, वहीवाल्यांना नव्हती.

मी नाही बसले. रेखाला म्हटलं, "बस." ती बसेना. तुमचीच पोर. खांद्यावर हात ठेवून दाबली, तेव्हा बसली.

आणि मग मी त्याला म्हटलं, "आता दोन्ही अर्जांची पोच द्या. तिच्या हातात."